गाइड कंपनीचं वर्ष आखायला कालनिर्णय: एका कॅप्टनचा अनुभव

शाळेतल्या स्काऊट-गाइडचं वर्षभराचं नियोजन कशावर करावं, हा प्रश्न जूनच्या तोंडावर हमखास येतो. बेसिक कोर्स करून नव्याने आलेल्या शिक्षिका विचारतात, शेजारच्या शाळेतले स्काऊट मास्तर विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: मराठी कालनिर्णय. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगतो तेच. त्याची एक जादा प्रत घ्यायची आणि ती घरासाठी नाही, कंपनीसाठी, म्हणजे शाळेतल्या गाइड मुलींच्या पथकासाठी ठेवायची.

मी पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि गाइड कॅप्टन म्हणून काम बघते. गुलाब, मोगरा, जास्वंद आणि शेवंती असे चार संघ, प्रत्येकी सहा मुली, पाचवीपासून नववीपर्यंतच्या. हा अभिप्राय त्या कामापुरता आहे. मागच्या पानांवरचे लेख, पाककृती, भविष्य यांच्याबद्दल इथे लिहीत नाही.

आधी इतर पर्यायांबद्दल. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा मोठा इयर प्लॅनर दिसायला छान असतो. बारा महिने एका नजरेत येतात, चौकोन ऐसपैस, मार्करने लिहून पुसता येतं. फोनमधलं कॅलेंडर वेळेवर आठवण करून देतं. दोन्ही साधनं चांगली. पण आपल्याकडच्या मुलींचं वर्ष पाऊस, चंद्र आणि सण या तिघांच्या तालावर चालतं, आणि इयर प्लॅनरला या तिघांचाही पत्ता नसतो. पंचांगाची ॲप आहेत, तीही मी वापरते, पण ती एकाच्या हातात राहतात. भिंतीवरचा कागद चोवीस मुलींना एकाच वेळी दिसतो आणि त्यावर बोट ठेवून वाद घालता येतो. माझ्या लेखी हा सगळ्यात मोठा गुण, कारण नियोजन मी एकटीने करून मुलींच्या हातात ठेवायचं नसतं. गाइडिंगमध्ये संघपद्धतीला जे महत्त्व आहे ते याचसाठी. संघनायिका बसतात, त्यांची मानसभा म्हणजे निर्णयाची बैठक होते, ठरवतात त्या. मी फक्त शेवटी मुख्याध्यापकांची सही आणते.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये कालनिर्णय सुरू केलं तेव्हा पंचांग वाचता न येणाऱ्या घरांना तिथी, वार, सण सोप्या भाषेत कळावेत हा त्यामागचा विचार होता. आमच्या सातवीतल्या मुलींना तेच हवं असतं. पंचांग उघडून द्या, कोणी बघणार नाही. कालनिर्णयाचं पान द्या, मोगरा संघाची नायिका पाच मिनिटांत सांगते की अमुक शनिवारी अमावास्या आहे.

यंदाचंच वर्ष घ्या. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून. त्यामुळे पुढचे सगळे सण गेल्या वर्षीपेक्षा अठरा-एकोणीस दिवस लांबले. आषाढी एकादशी गेल्या वर्षी ६ जुलैला होती, यंदा २५ जुलैला आहे. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरवर गेली. बऱ्याच शाळांत गेल्या वर्षीच्या फाइलमधला आराखडा काढून वरचं साल तेवढं बदलतात. अशा अधिक महिन्याच्या वर्षी तो आराखडा पहिल्या दीड महिन्यातच कोलमडतो.

वारीच्या सेवेचं उदाहरण देते, कारण पुण्यातल्या पथकांना ते लगेच पटेल. गेल्या वर्षी माउलींची पालखी १९ जूनला आळंदीहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात आली. शाळा उघडली होती १६ जूनला. नव्या मुलींचे संघ पडलेले नव्हते, गणवेश शिवायला टाकलेले होते, त्यामुळे सेवेला जुन्याच मुली उभ्या राहिल्या. यंदा पालखीचं प्रस्थान जुलैचा पहिला आठवडा उलटल्यावर आहे, म्हणजे हातात तीन आठवडे. नव्या मुलींना प्रथमोपचाराची पहिली ओळख करून द्यायला एवढा वेळ भरपूर झाला. वारीत प्रथमोपचार म्हणजे बहुतेक वेळा पाय. चालून चालून तळव्याला फोड आलेला असतो. तो फोडायचा नाही, पाय स्वच्छ धुवायचा, कोरडा करायचा, वर जाळीची पट्टी सैलसर बांधायची आणि माउलींना पाच मिनिटं बसवून पाणी द्यायचं. एवढं पाचवीतली मुलगी नीट करू शकते. पण तिला आधी एकमेकींच्या पायांवर तीन वेळा करून बघायला हवं, आणि ते तीन शनिवार यंदा आहेत हे मला जूनचं आणि जुलैचं पान शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं. आमचा या वर्षीचा पहिला मोठा उपक्रम त्यावरून ठरला.

आळंदीचा विषय निघालाच आहे तर आळंदी रस्त्यावरच्या ‘संगम’बद्दलही लिहिते. गाइडिंगच्या जागतिक केंद्रांपैकी एक आपल्या पुण्यात आहे आणि कितीतरी पुणेकरांना ते ठाऊक नसतं. ते १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, म्हणजे यंदा त्याला साठ वर्षं पूर्ण होतात. शेवंती संघाने ऑक्टोबरमध्ये तिथे भेट सुचवली. पान उघडलं तर ११ तारखेला घटस्थापना, २० ला दसरा, मध्ये जांबोरी ऑन द एअरचा, म्हणजे रेडिओवरून जगभरच्या स्काऊट-गाइडशी बोलण्याच्या उपक्रमाचा, तिसरा शनिवार-रविवार, आणि सहामाहीचा अभ्यास डोक्यावर. मुलींनी स्वतःच ठरवलं की भेट सप्टेंबरअखेर, गणपती गेल्यावर घ्यायची आणि ऑक्टोबर मोकळा ठेवायचा. चार महिने आधी अडचण कागदावर दिसली की मुली किती समंजसपणे निर्णय घेतात हे बघून मला फार बरं वाटतं.

नोव्हेंबरचं पान यंदा नीट बघा. भारत स्काऊट्स आणि गाइड्सची स्थापना ७ नोव्हेंबर १९५० ची, त्यामुळे ७ तारखेला स्थापना दिन असतो आणि ध्वजाची स्टिकर विकून निधी गोळा होतो. या वर्षी ७ नोव्हेंबर शनिवार आहे आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, लक्ष्मीपूजन. शाळेला सुट्टी लागलेली असेल, मुली मामाकडे गेलेल्या असतील. स्टिकरं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच संपवायला हवीत. आम्ही ती ‘खरी कमाई’ला, म्हणजे मुलींनी स्वतः काम करून पैसे मिळवण्याच्या उपक्रमाला, जोडली आहेत. मुलींनी रंगवलेल्या पणत्या, घरी कुटलेलं उटणं आणि शेजारी स्टिकरांचं टेबल. दिवाळीच्या खरेदीला निघालेले पालक तिथे थांबतातच. त्याच आठवड्याच्या तोंडावर, २५ तारखेला कोजागरी आहे आणि ती रविवारी आली आहे. शाळेच्या पटांगणावर दूध आटवायचं, पालकांना बोलवायचं, गुणांच्या पट्ट्या वाटायच्या, गाणी म्हणायची. रात्री उशिरापर्यंत मुलींना थांबवायचं तर पालक बरोबर असलेले केव्हाही चांगले.

आता शिबिर. या एका कामासाठी मी म्हणेन की कालनिर्णयाला तोड नाही.

डिसेंबरमध्ये जेमिनिड उल्कावर्षाव होतो, १३-१४ तारखेच्या आसपास. ऑगस्टमध्ये पर्सिड्स असतात पण आपल्याकडे तेव्हा ढग. जेमिनिड थंडीत येतात, आकाश स्वच्छ असतं. अडचण एकच, चंद्राची. पौर्णिमेच्या जवळ आले तर काही दिसत नाही. यंदा ९ डिसेंबरच्या पहाटे अमावास्या संपते, त्यामुळे १२ तारखेच्या शनिवारी शुक्ल तृतीया-चतुर्थीची कोर. ती नऊच्या सुमारास मावळते आणि पुढची रात्र काळीकुट्ट. मुलींना सतरंजीवर आडवं करायचं, टॉर्च बंद, डोळ्यांना वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्यायची, मग मोजायला सांगायचं. प्रत्येक संघाला आकाशाची एकेक दिशा. मध्यरात्रीनंतर उल्का वाढतात, पण लहान मुलींना अकराला झोपवायचं आणि ज्यांना उठायचं आहे त्यांना दोनला उठवायचं असं ठरलं आहे. यादीत आत्ताच सगळ्यांची नावं आहेत.

जागा ठरली ती दापोलीजवळचं मुरूड. महर्षी कर्व्यांचं गाव, त्यामुळे मुलींच्या शिबिराला त्याहून योग्य जागा मला सुचत नाही. समुद्र म्हटलं की पालकांचा पहिला प्रश्न भरती-ओहोटीचा. इथे कोकणातला जुना हिशेब कामी येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पहाटे तीनला भरती असेल तर सकाळी नवाच्या सुमारास पाणी सगळ्यात मागे गेलेलं असणार. आमची किनाऱ्यावरची फेरी त्यामुळे आठ ते साडेनऊ. शिंपले, खेकड्यांनी वाळूवर काढलेल्या गोळ्यांच्या रांगा, पाणी ओसरल्यावर खडकांत साचलेली डबकी. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली असल्याने ओहोटी मोठी, पाणी दूरवर हटतं आणि बघायला जास्त मिळतं. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, तेव्हा गावातल्या कोळ्यांना विचारल्याशिवाय पाण्याकडे जायचं नाही आणि गुडघ्याच्या वर पाण्यात कोणीच उतरायचं नाही, हा आमचा नियम. पण नियोजनाच्या टप्प्यावर, पुण्यात वर्गात बसून, जूनमध्ये डिसेंबरच्या सकाळची ओहोटी काढता येते हे बघताना मुलींचे चेहरे बघण्यासारखे असतात. जास्वंद संघातल्या एकीने तर फळ्यावर पंधराही तिथींचा तक्ता करून टाकला. पाढे आणि अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईला यापेक्षा काय हवं!

सूर्यास्ताची वेळही कॅलेंडरवर असते आणि ती फार जण बघत नाहीत. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरून बघून परत येणं, सरपण गोळा करणं, तंबूच्या दोऱ्या ताणून घेणं, सगळं साडेपाचच्या आत. शेकोटी सातला. वेळापत्रक कागदावर उतरवताना सूर्यास्त आधी लिहायचा आणि बाकीचं त्याच्या मागे-पुढे बसवायचं, हे मी मुलींना शिकवते.

जेवणाचंही याच पानावरून ठरतं. शिबिर मार्गशीर्षात येतंय. आमच्या बऱ्याच मुलींच्या घरी महिनाभर मांसाहार बंद असतो, तेव्हा हर्णैचा मासळी बाजार बघायला जायचं, लिलाव कसा बोलतात ते ऐकायचं, पण रांधायचं शाकाहारी. बिनभांड्याच्या स्वयंपाकाची चाचणी तिथेच घेणार आहे: निखाऱ्यात वांगी, कांदे, बटाटे आणि केळीच्या पानात थापलेले पानगे. कोणाची चतुर्थी असली तर रताळी निखाऱ्यात टाकायची, ती भाजतातही सुरेख. आमच्यात दोन मुली रोजे ठेवणाऱ्या घरच्या आहेत. येत्या फेब्रुवारीत रमजान आहे आणि २२ तारखेला चिंतन दिन, चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी लेडी ओलेव्ह दोघांचाही जन्मदिवस. दरवर्षी त्या दिवशी आम्ही डबे एकत्र करून खातो. गुलाब संघाच्या नायिकेने मानसभेत हात वर करून विचारलं, “बाई, डबा संध्याकाळी करू या का? म्हणजे सगळ्यांना खाता येईल.” ठराव एकमताने झाला. सगळ्या धर्मांचे सण एकाच पानावर छापलेले असतात म्हणून हा विषय वेळेत पुढे येतो.

आता मर्यादा. त्या भिंतीवरच्या कुठल्याही दिनदर्शिकेला लागू आहेत.

चौकोनात लिहायला जागा नसते. आम्ही चौकोनात फक्त आकडा लिहितो, गोल करून, आणि त्याच आकड्याखाली वहीत तपशील: कोण नेणार, साहित्य, परवानगी, खर्च. रंगही ठरलेले आहेत. तांबडा परीक्षेचा, हिरवा बाहेर जाण्याचा, निळा सेवेचा. शाळेची परवानगी येईपर्यंत सगळं पेन्सिलने. परीक्षा, शाळेचं स्नेहसंमेलन, सोपानांच्या (गाइडच्या प्रशिक्षणातल्या पायऱ्यांच्या) चाचण्या, जिल्ह्याचे मेळावे यातलं काही छापील कॅलेंडरवर नसणारच, ते आपणच भरायचं, आणि सगळ्यात आधी भरायचं. तांबडा रंग भरून झाल्यावर किती शनिवार खरोखर मोकळे उरतात हे मुलींना दिसतं, मग मागण्या आपोआप खाली येतात.

तिथी सूर्योदयाची धरलेली असते. दुपारी तिथी बदलली की मुली गोंधळतात. एकदा समजावून सांगितलं की प्रश्न उरत नाही, पण नव्या शिक्षिकांनी हे आधी स्वतः समजून घ्यावं.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे शाळेचं वर्ष जून ते एप्रिल आणि कॅलेंडर जानेवारी ते डिसेंबर. जूनमध्ये बसलं की पुढची सहा-सात पानंच हातात असतात. पण मला याचा फायदाच वाटतो. जूनमध्ये डिसेंबरपर्यंतचं पक्कं करायचं, आणि दिवाळीच्या सुमाराला नवीन कालनिर्णय बाजारात आलं की संघनायिकांची दुसरी मानसभा घ्यायची. तोवर नव्या मुली रुळलेल्या असतात, कोणता संघ कशात पुढे आहे ते कळलेलं असतं, आणि २६ जानेवारीचं संचलन, चिंतन दिन, मार्चमधली निसर्गफेरी हे सगळं जास्त जाणतेपणाने ठरतं. जूनमध्ये एप्रिलपर्यंतचा आराखडा सादर करायला सांगणाऱ्या कार्यालयांना मी जानेवारीनंतरचे महिने ढोबळ लिहून देते.

पावसाळ्याची पानं सावकाश भरावीत. जून ते ऑगस्ट आम्ही गड आणि धबधबे यादीतच घेत नाही. गाठी, संदेश, प्रथमोपचार, शाळेच्या आवारात रोपं लावणं, १ ऑगस्टला स्कार्फ दिन. तो यंदा शनिवारीच आला आहे, त्यामुळे माजी गाइड्सनाही बोलावलं आहे. विसर्जनाच्या दिवशी, २५ सप्टेंबरला, निर्माल्य गोळा करायचं. शुक्रवार आहे, सुट्टी असते, पण गर्दी लक्षात घेऊन नववीच्या मुली आणि पालकच घाटावर, बाकीच्या सोसायट्यांमध्ये फिरून कलशात जमा करणार.

खरेदीबद्दल थोडं. मोठ्या आकाराचंच घ्या. टेबलावर ठेवायचं छोटं किंवा खिशातलं या कामाला उपयोगी नाही, कारण पान जमिनीवर पसरून भोवती आठ मुली बसायला हव्यात. मी पानं सुटी करते, प्रत्येक जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवते आणि वरून पारदर्शक प्लास्टिक न लावता तशीच ठेवते, कारण पेन्सिल कागदावरच चालते. महिना संपला की पान फेकायचं नाही. मागे दोन ओळी लिहायच्या: किती मुली आल्या, काय जमलं, पाऊस होता का. तीन वर्षांच्या जूनची पानं एकत्र ठेवली की नवीन कॅप्टनला कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त कळतं. खर्च किरकोळ आहे, कंपनीच्या निधीतून सहज होतो.

कब-बुलबुलच्या लहान मुलांसाठी मात्र एवढा खटाटोप नको. त्यांचे उपक्रम शाळेच्या आवारातले आणि तासाभराचे, त्यांना महिन्याचं एक साधं चित्रांचं पान पुरतं. दहा वर्षांवरच्या मुलामुलींचं पथक असेल, वर्षातून एकदा तरी रात्रीचं शिबिर करत असाल, आणि मुलांनी स्वतः ठरवावं असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर घ्याच. यंदाच्या प्रती उरल्या असतील तर जून संपायच्या आत आणा, नाहीतर घरचंच खिळ्यावरून काढून शाळेत न्या.